लोकरकाकू

डोंबिवलीत थंडी पडते का, हा प्रश्न लोकरकाकूंच्या कानांवर जाईल अशा बेताने कधी विचारू नये. विचारलात तर त्या सुया मांडीवर ठेवतात, चष्मा नाकावर खाली ओढतात आणि सांगतात, "बासष्टच्या जानेवारीत मुंबईत पारा ७.४ वर आला होता. सांताक्रूझला. बावीस तारखेला." तारीखवार सांगितलेल्या गोष्टीवर आपण काय बोलणार? त्यानंतर सांताक्रूझचा पारा तितका खाली कधीच उतरला नाही, हे काकूंनाही ठाऊक आहे. पण त्यांच्या लेखी तो पाऱ्याचा आळस. "एकदा येऊन गेलाय ना? म्हणजे वाट माहीत आहे त्याला."

१९६२ हे एकूणच काकूंचं साल. थंडी गेली, पावसाळा गेला आणि ऑक्टोबरात चीनने हल्ला केला. हिमालयात लढणाऱ्या आपल्या जवानांकडे धड गरम कपडे नाहीत असं कळल्यावर देशभरच्या बायकांनी सुया बाहेर काढल्या. काकूंच्या आईने ओटीवर बसून मफलर विणायला घेतले आणि मध्येमध्ये लुडबुडणाऱ्या सात वर्षांच्या लेकीच्या हातात दोन सुया देऊन 'एक सुलट, एक उलट' सुरू करून दिलं. महिन्याभरात युद्ध थांबलं. काकूंना मात्र युद्धबंदी झाल्याचं कुणी कळवलेलं दिसत नाही.

तशा प्रत्येक सोसायटीत एक लोकरकाकू असतात. बहुधा बँकेतून नाहीतर टेलिफोनमधून निवृत्त झालेल्या, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीतून डोकावणारी सुयांची दोन टोकं. नोकरीच्या काळात लेडीज डब्यात त्या चौथ्या सीटवर बसल्या तरी त्यांना कोपरं हलवण्याइतकी जागा मिळत असे, कारण सुईच्या टोकाशी दाटीवाटी करायची कुणाची छाती होत नसे. ठाण्यापर्यंत पाठ, दादरपर्यंत पोट, असा त्यांचा स्वेटर पुढे सरकायचा.

हो, तेव्हा स्वेटर असायचा. बाळंतविड्यात टोपरं, मोजे आणि कुंची काकूंकडूनच जायची. पुढे ती बाळं मोठी झाली, मॉलमध्ये जाऊ लागली आणि स्वेटर नको म्हणायला शिकली. गळा टोचतो, बाही लांब आहे, रंग फारच पिवळा आहे. काकूंनी मग बाह्या कापल्या आणि हाफ स्वेटरवर आल्या. तिथून मफलर, मफलरवरून कानटोपी, आणि कानटोपीने केस विस्कटतात असं एका भाचीने सांगितल्यावर आता आर्म वॉर्मर. तळहातापासून कोपराच्या अलीकडेपर्यंत, अंगठ्याला भोक, बोटं मोकळी. काकूंनी विचारपूर्वक शोधलेला हा प्रकार आहे, कारण त्याला नाही म्हणायला जागाच नाही. बोटं मोकळी असल्यामुळे मोबाइल चालतो, भाजी चिरता येते, लॅपटॉप बडवता येतो. "पुण्याच्या मुली मे महिन्यात कोपरापर्यंत बाह्या चढवून स्कूटर चालवतात, त्यांना कुणी हसतं का?" हा काकूंचा बिनतोड मुद्दा. आणि ऐरोलीच्या ऑफिसांत एसी किती थंड असतो, हे तर त्यांनी स्वतः न जाताही पाठ केलं आहे.

सुरुवात मापापासून होते. "हात पुढे कर." लिफ्टमध्ये, लग्नाच्या पंगतीत, सत्यनारायणाच्या तीर्थाला, कुठेही. आपण हात पुढे केला की काकू मनगट दोन बोटांत वैद्यासारखं धरतात आणि टेप फिरवायच्या आधीच निदान करून मोकळ्या होतात. "बारीक झालीस. नोकरी बदललीस का?" टेप हे नुसतं निमित्त. कालनिर्णयच्या मागच्या पानांवर काकूंनी अख्ख्या इमारतीची मनगटं टिपून ठेवली आहेत, जुन्या वर्षांसकट, त्यामुळे कोण सुटलं, कोण वाळलं आणि कोणाच्या घरी हल्ली काहीतरी बिनसलं आहे, हे इंचांत सांगता येतं. सोसायटीच्या कार्यालयात इतकी अद्ययावत नोंदवही नाही.

पण काकूंची खरी शान त्यांच्या वेणीत आहे. सुईवरची. साधा पट्टा विणून देणं त्यांना कमीपणाचं वाटतं. हाताच्या पाठीवरून गुंफलेला जाड पेड गेला पाहिजे. बघायला अवघड आणि करायला सोपं असं हे काम आहे, पण ते सोपं आहे हे काकू कुणाला कळू देत नाहीत. मधले सहा टाके सुलट, त्यांच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन उलट, म्हणजे वेणी उठून दिसते. सात ओळी अशाच सरळ विणायच्या. आठवी आली की सहांपैकी पहिले तीन टाके एका वेगळ्या सुईवर काढून पुढे सोडून द्यायचे, मागचे तीन आधी विणायचे आणि मग ते सोडलेले तीन. झाला पीळ. या कामासाठी बाजारात मधोमध वाकवलेली छोटी सुई मिळते. काकू ती विकत घेत नाहीत. आठवी ओळ आली की त्यांचा डावा हात अंबाड्याकडे जातो, एक आकडा उपसून आणतो, तीन टाके त्यावर चढतात, उतरतात आणि आकडा पुन्हा केसांत. नजर सगळा वेळ टीव्हीवर. या हालचालीला मी तरी नृत्यच म्हणेन. मात्र मोठं काम हातात असलं की संध्याकाळपर्यंत अंबाडा मानेवर आलेला असतो.

पीळ पडला की वीण आवळते, म्हणून ज्या मनगटाला साध्या विणीत ४० टाके पुरतात तिथे वेणीसाठी आणखी चार-पाच घालावे लागतात. ही अक्कल काकू फुकट वाटतात. शिवाय डाव्या हाताची वेणी डावीकडे वळली पाहिजे, उजव्याची उजवीकडे; त्यासाठी आकडा एका हातात पुढे धरायचा, दुसऱ्यात मागे. हे घालणाऱ्याला कळतही नाही. काकूंना रस्त्याच्या पलीकडून कळतं. भाजीवाल्यापुढे मेथी निवडत उभ्या असलेल्या एका नव्या सुनेला त्यांनी समोरच्या फुटपाथवरून हाक मारली होती, "अगं, डाव्याचा उजव्यात घातलायस!" तिने घाबरून आधी चपला पाहिल्या.

या कामात काकांचं योगदान मोठं आहे. लुधियानाची लोकर गुंड्यात येते तेव्हा ठीक; पण लड आली की काकांना खुर्चीत बसवून त्यांचे दोन्ही हात पुढे करवले जातात, लड त्यांत अडकवली जाते आणि काकू समोर बसून गुंडा गुंडाळू लागतात. या अवस्थेत काकांना रिमोट उचलता येत नाही, नाक खाजवता येत नाही आणि मतभेद व्यक्त करता येत नाहीत. घरातले सगळे नाजूक विषय काकू याच वेळी काढतात.

अमेरिकेतल्या एडिसनच्या सुनेने एकदा उत्साहाने तिकडचा नमुना पाठवला. त्यात आठ नंबरच्या सुया सांगितल्या होत्या. काकूंनी आपल्या आठ नंबरच्या घेतल्या. जोड तयार झाला तो काकांच्या अंगठ्यावर बसेल एवढा. पुष्कळ शोध घेतल्यावर उलगडा झाला: आपल्याकडे नंबर वाढतो तशी सुई बारीक होते, अमेरिकेत नंबर वाढतो तशी जाड. आपली आठ नंबरची सुई ४ मिलिमीटरची, त्यांची ५ची. आणि गंमत म्हणजे त्यांची सहा नंबरची ४ मिलिमीटरची, तर आपली सहाची ५ची. सरळ अदलाबदल. "दिव्याची बटणंसुद्धा उलटी असतात त्यांच्याकडे," एवढंच काकू म्हणाल्या आणि सुनेला नवी जोडी पाठवताना पाकिटावर 'आपला आठ' असं लाल शाईने लिहिलं.

काकूंचा एक पुतण्या कॉलेजात इंग्रजी शिकवतो. या वेण्यांचा जुना पत्ता त्याने काकूंना सांगितला. आयर्लंडच्या पश्चिमेला अरान नावाची बेटं आहेत. तिथल्या दोरखंडी विणीच्या पांढऱ्या स्वेटरांबद्दल अशी दंतकथा आहे की प्रत्येक घराण्याचा नमुना वेगळा, म्हणजे बुडालेला कोळी लाटांबरोबर किनाऱ्याला लागला की स्वेटरवरून ओळखता येई. पुतण्या खरं तर पुढे हेही सांगत होता की ही निव्वळ विक्रेत्यांनी फुगवलेली गोष्ट आहे, असे स्वेटर तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच दिसू लागले. काकूंनी ते ऐकलं नाही. सोसायटीतल्या कुणालाही आपण केव्हाही ओळखू शकतो, या विचारात त्या गढल्या होत्या. मग पुतण्याने आयरिश नाटककार सिंगच्या १९०४ सालच्या 'रायडर्स टू द सी' या नाटकाची गोष्ट सांगितली. बुडालेल्या भावाचा पायमोजा बहिणीच्या हातात येतो. तिने स्वतः विणलेला, साठ टाके घातलेला, त्यांतले चार सुटलेले. टाके मोजून ती ओळखते की भाऊ गेला. पुतण्याचा आवाज जड झाला होता, काकांनी डोळे टिपायला हात उचलला आणि लड सुटली. गुंडा गुंडाळणारे काकूंचे हात थांबले. "चार टाके सुटले?" त्या म्हणाल्या. "आणि तिने उसवलं नाही?"

आता ज्यांना हे मिळतं त्यांचं काय? एक हात काकू झपाट्याने विणतात. दुसऱ्याला तेवढा वेग राहत नाही; पहिलाच पुन्हा विणायचा, त्यात नवल काय? शिवाय तोवर दुसरं एखादं मनगट हाती लागलेलं असतं. त्यामुळे अनेकांना एक दिवाळीत मिळतो आणि जोडीचा गुढीपाडव्याला, उन्हाने डांबर वितळू लागलं असताना. सोबत सूचना: मशीनमध्ये टाकायचं नाही, पिळायचं नाही, दोरीवर टांगायचं नाही, टॉवेलवर आडवं पसरून वाळवायचं. आपण रेशमी शालू इतक्या निगुतीने जपत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या आयटीवाल्या मुलाने त्याची जोडी स्कूटरच्या डिकीत ठेवली आहे. गेटमधून आत येताना चढवतो, घरात शिरताना काढतो. असे बरेच आहेत. मनापासून वापरणारा एकटा रात्रपाळीचा वॉचमन. त्याच्या जोडीला काकूंनी दुहेरी वेणी घातली आहे आणि त्याचा इतरांना थोडा हेवाही वाटतो.

गेल्या जानेवारीत सोसायटीची विशेष सर्वसाधारण सभा भरली. (वार्षिक सभा सप्टेंबरअखेर उरकावीच लागते, त्यात न मावलेली भांडणं विशेष सभेला येतात.) विषय होता जिन्याला गुळगुळीत ग्रॅनाइट बसवण्याचा. काकूंचा त्याला गुडघ्यांपासून विरोध होता, पण त्या एक शब्द बोलल्या नाहीत. पहिल्या रांगेत विणत बसल्या. चर्चा झाली, बहुमत स्पष्ट दिसत होतं आणि सेक्रेटरींनी जाहीर केलं, "ठरावाला अनुकूल असतील त्यांनी हात वर करावेत."

भराभर हात वर गेले. हात वर केला की बाही खाली सरकते आणि मनगट उघडं पडतं, हे तोवर कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. काकूंनी मान वर केली. चष्म्यावरून त्यांची नजर एकेका मनगटावर जाऊ लागली आणि ओठ हलू लागले, "चार... पाच..." आयटीवाल्याने डोकं खाजवत हात उतरवला. मागच्या रांगेतल्या जोडप्याने एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांचे हात मांडीवर आले. "सहा... सात..." एका आजोबांनी दोन्ही हात शालीत घेतले. दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या वॉचमनचेच हात तेवढे निर्धास्त होते, पण त्याला मत नव्हतं.

"काकू, तुम्ही मोजताय का?" सेक्रेटरींनी चिडून विचारलं.

"मी? आठवी ओळ आली, वेणी टाकायची आहे," काकू अंबाड्यातला आकडा काढत म्हणाल्या. "तुमचं चालू द्या ना."

पुरेसे हात वर न राहिल्याने ठराव बारगळला, अशी सभेच्या वृत्तांतात नोंद आहे. चहा सुरू झाल्यावर काकू टेप घेऊन सेक्रेटरींच्या टेबलापाशी गेल्या.

"हात पुढे करा बघू. साडेसात. करडा चालेल ना?"