दुसऱ्या नंबराच्या गप्पा

डिसेंबर लागला की आमच्या नागपुरात दोन गोष्टी बरोबरच येतात: तुरीच्या ओल्या शेंगा आणि विधिमंडळाचं अधिवेशन. शेंगा आल्या की सोले-वांग्याचा बेत ठरतो आणि अधिवेशन आलं की निम्मे रस्ते बंद होतात. परवा बंदोबस्तामुळे बाजाराची फेरी राहिली, तेव्हा शेंगांची परात घेऊन मी मागच्या अंगणात बसले. तारेच्या कुंपणापलीकडे माई त्यांची परात घेऊन आधीच बसलेल्या. मधे त्यांचा गोडनिंब.

"काय करून राहिल्या वहिनी?" डोळ्यांना दिसत असलं तरी विचारायचं, ही आमच्याकडची रीत.

"सोले काढते. तुमचे झाले?"

"कुठचे होतात बाप्पा! सकाळपासून पोराचा फोन. त्यांच्या मेल्टनला म्हणे रोज नवी घरं उठून राहिली. आता काय, देशातल्या एक नंबरच्या शहरात राह्यचं म्हणजे गर्दी आलीच!"

हा टोला माझ्यासाठी होता. माझी लेक सिडनीत असते आणि माईंचा मुलगा मेलबर्नच्या पार टोकाला, मेल्टनमध्ये. एप्रिल २०२३ पर्यंत या बाबतीत दोन्ही घरांत शांतता होती, कारण सिडनी पहिलं नि मेलबर्न दुसरं हे सगळ्या जगाला माहीत होतं. त्या महिन्यात बातमी आली. तिथल्या सरकारी आकडेखात्यानं शहरांच्या हद्दी नव्यानं पाहिल्या, मेल्टनची वस्ती आता मेलबर्नला चिकटली म्हणून ते आत घेतलं, आणि जून २०२१ च्या हिशेबात मेलबर्न ४८,७५,४०० तर सिडनी ४८,५६,७०० भरलं. अवघ्या १८,७०० माणसांनी माझ्या लेकीचं गाव दोन नंबरवर गेलं.

"माई, मेलबर्नला एका रात्रीत माणसं नाही फुटली. कुंपण सरकलं."

"आणि सरकून कुठवर आलं? आमच्या पोराच्या दारापर्यंत!" हे त्या अशा थाटात सांगतात, जणू पोरानं गृहकर्ज काढलं ते याच कामासाठी.

मीही थोडीच सोडते! ग्रेटर सिडनी म्हणून आणखी मोठी हद्द आहे, ती धरली तर सिडनीच पुढे, हे मी अडीचशे वेळा तरी सांगितलं असेल. पण या दोन शहरांचं भांडण आमच्याहून जुनं आहे. १८५१ मध्ये मेलबर्नच्या बाजूला सोनं सापडलं आणि ते गाव असं फुगलं की सिडनीला मागे टाकून बसलं. पुढे सोनं सरलं, सिडनी परत वर आलं. १९०१ मध्ये सगळ्या वसाहती मिळून एक देश झाला, तेव्हा राजधानी कुठली यावरून गाडं अडलं. शेवटी राज्यघटनेतच लिहून टाकलं की राजधानी सिडनीच्या राज्यात होईल, पण सिडनीपासून शंभर मैलांच्या आत नाही. आणि ती होईस्तोवर संसद बसेल मेलबर्नला. बसली ती २६ वर्षं. १९२७ मध्ये कॅनबेराला हलली.

"दोन जावांचं पटेना म्हणून चूल वावरात नेऊन मांडली," माई म्हणाल्या. शंभर मैलांचं कलम याहून सोप्या भाषेत कुणी समजावलं नसेल.

मग मी त्यांना ओसाकाची गोष्ट सांगितली. १९२३ च्या भूकंपात टोकियो जळून-कोसळून गेलं. तिकडे १९२५ मध्ये ओसाकानं आजूबाजूची गावं पोटात घेतली आणि एकदम वीस लाखांच्या वर जाऊन जपानातलं सगळ्यात मोठं शहर होऊन बसलं. सात वर्षं हा तोरा चालला. १९३२ मध्ये टोकियोनं शेजारची ८२ गावं ओढून घेतली आणि पहिला नंबर परत नेला.

"मग आता ओसाका दुसरं?"

"तेही नाही. कागदावर दुसरं योकोहामा, सदतीस लाखांचं. १८५९ मध्ये तिथं बंदर उघडलं, त्याआधी कोळ्यांची वाडी होती ती. ओसाका सत्तावीस लाखांवर, तिसरं. पण योकोहामाची माणसं सकाळी उठून टोकियोला कामाला जातात आणि ओसाकात सकाळी बाहेरची माणसं कामाला येतात. दिवसा मोजलं तर ओसाका पुढे."

"म्हणजे योकोहामा झोपण्यापुरतं दोन नंबर!"

"आणि ओसाका जेवण्यापुरतं. खाण्यापायी दिवाळं काढणारे लोक अशी त्यांची ख्याती आहे. शिवाय हट्टी. सरकत्या जिन्यावर टोकियोवाले डाव्या बाजूला उभे राहतात, म्हणून हे उजव्या."

माईंना हे फार आवडलं. जिन्यावर कुठल्या बाजूला उभं राहायचं यात राजधानीशी उभा दावा मांडणारी माणसं त्यांना आपल्या माहेरची वाटली असावीत.

"खाण्यावरून आठवलं," मी म्हटलं, "पोर्तुगालचं दुसरं शहर पोर्तो. देशाच्या नावात ज्याचं नाव आहे ते. गोव्यावर साडेचारशे वर्षं राज्य केलं त्यांचं. तिथल्या लोकांना काय म्हणतात माहितेय? वजडीखाऊ. १४१५ मध्ये राजाचं आरमार आफ्रिकेत सेउटावर चालून निघालं, तेव्हा गावानं सगळं चांगलं मांस खारवून जहाजांवर चढवलं आणि स्वतःपुरती वजडी ठेवली, अशी कथा सांगतात. नावाचा त्यांना अभिमान. घेवड्याच्या दाण्यांत शिजवलेली वजडी अजून तिथलं मानाचं पक्वान्न आहे. आणि लिस्बनच्या लोकांना ते चिडवतात लेट्यूसची पानं म्हणून."

वजडी हा शब्द ऐकल्याबरोबर माईंच्या घरातून त्यांचे यजमान, काकाजी, बाहेर आले. माई शाकाहारी, त्यामुळे काकाजींचं या विषयावरचं ज्ञान मोठं असलं तरी गेली चाळीस वर्षं निव्वळ ऐकीव आहे. शाळेत भूगोल शिकवायचे ते. १९८१, १९९१ आणि २००१ अशा तीन जनगणनांची ड्यूटी केलेला माणूस. गेरूनं दारावर नंबर टाकत हिंडायचं, नजरी नकाशा काढायचा, कुठलं घर आपल्या हद्दीत नि कुठलं शेजारच्या मास्तरच्या, यावरून भर उन्हात वाद घालायचा. हद्द हा त्यांचा आवडता शब्द.

"पोर्तो दुसरं म्हणतात खरं," खुर्ची ओढत ते म्हणाले, "पण हद्दीत मोजलं तर चौथं लागतं. २०२१ ची त्यांची जनगणना पाहा. पोर्तोत दोन लाख एकतीस हजार. नदीपलीकडे गाया नावाचं गाव आहे, त्यात तीन लाख. बरं, जगभर जी पोर्ट वाइन म्हणून विकते तिची कोठारंही पलीकडे गायात. नाव याचं, माणसं त्याची, पिंपं त्याची!"

"मग गायावाले गप्प बसतात?"

"बसतात. बाहेर कुणी विचारलं की तेसुद्धा पोर्तोच सांगत असतील. हिंगण्याचा माणूस पुण्याला गेला की नागपूर नाही का सांगत?"

काकाजी आले की गप्पांना आकडे फुटतात. चीनमध्ये चोंगचिंग नावाची महानगरपालिका आहे, तीन कोटींवर वस्तीची. कुणी तिला जगातलं सगळ्यात मोठं शहर म्हणतं. क्षेत्रफळ ८२ हजार चौरस किलोमीटर. "महाराष्ट्राचा चौथा हिस्सा!" काकाजी म्हणाले. "आतमध्ये डोंगर, शेतं, खेडी सगळं आलं. मी वर्धा, चंद्रपूर नि भंडारा नागपुरात धरले तर आपणही मुंबईशी बोलू." उलट मनिला. फिलिपिन्सची राजधानी म्हणून शाळेत घोकलेलं, पण हद्दीतली डोकी मोजली तर ते दुसरं. पहिलं केझोन सिटी, मनिलालाच खेटून. आणि बँकॉकनंतरचं थाई शहर शोधायला गेलं तर नोंथाबुरी निघतं, तेही बँकॉकला चिकटलेलं. आइसलँडचं दुसरं कोपावोगुर, तेही रेकयाविकच्या अंगालाच. थोरल्याच्या पदराखाली राहून दुसरा नंबर पटकावणारी ही मंडळी.

"बेल्जियमचं अँटवर्प मात्र खमकं," मी म्हटलं. "तिथले लोक गावाचं नावच घेत नाहीत, नुसतं 'शहर' म्हणतात. शहर म्हणजे अँटवर्प, बाकीचा देश पार्किंगची जागा, असं चक्क बोलून दाखवतात."

"सदाशिव पेठेतले असतील मूळचे," माई म्हणाल्या. पुण्याचं नाव निघालं की काकाजींनी आपल्या वहीतला ठरलेला आकडा काढला. २०२१ मध्ये पुणे महापालिकेनं २३ गावं एकदम आत घेतली आणि क्षेत्रफळात मुंबईला मागे टाकलं. राज्यात माणसांनी दुसरं, जमिनीनं पहिलं.

"आणि मुंबई?" मी विचारलं.

"तिचंही तेच. २०११ च्या जनगणनेत मुंबईच पहिली. महापालिकेची हद्द धरा, एक कोटी चोवीस लाख. आजूबाजूचं ठाणं-कल्याण धरून नागरी समूह घ्या, एक कोटी चौऱ्याऐंशी लाख. दिल्ली एक कोटी त्रेसष्ट. पण संयुक्त राष्ट्रांनी दिल्लीची हद्द राज्याबाहेर सलग पसरलेल्या वस्तीपर्यंत नेली आणि त्यांच्या यादीत दिल्ली वर, मुंबई खाली. मुंबईकराला दुसरं म्हणून पाहा एकदा!"

माईंना आकड्यांचा कंटाळा आला असावा. त्यांनी आवाज खाली आणला. कुंपणाशी आवाज खाली आला म्हणजे माल खास. "तुम्हाला दुबईच्या त्या उंच इमारतीचं माहीत आहे ना?"

माहीत होतं, पण माईंच्या तोंडून ऐकण्यात मजा वेगळी. दुबई देशातलं सगळ्यात मोठं शहर, अबुधाबी राजधानी असून दुसरं. दुबईनं ८२८ मीटरची इमारत उभी केली, जगातली सर्वांत उंच. बांधेपर्यंत सगळे तिला बुर्ज दुबई म्हणत. मधे २००९ उजाडलं नि दुबईची कर्जं गळ्याशी आली. डिसेंबरात अबुधाबीनं दहा अब्ज डॉलर पुढे केले. ४ जानेवारी २०१० ला उद्घाटन झालं, पडदा सरला, तर नाव काय? बुर्ज खलिफा! खलिफा म्हणजे अबुधाबीचे तेव्हाचे शेख, देशाचे तेव्हाचे अध्यक्ष.

"थोरलीनं माडी बांधली आणि धाकटीनं हप्ता भरून पाटी आपल्या नवऱ्याची लावली," माईंनी निकाल दिला. "अशी पाहिजे दोन नंबरची!"

पैसा नसेल तर निदान शिकागोसारखी जीभ तरी हवी. न्यूयॉर्कच्या लीबलिंग नावाच्या पत्रकारानं १९५२ मध्ये शिकागोवर लिहिलं आणि त्या शहराला 'सेकंड सिटी' म्हणून हिणवलं. शिकागोवाल्यांनी १९५९ मध्ये एक विनोदी नाटकमंडळी काढली आणि तिचं नावच ठेवलं 'द सेकंड सिटी'. शिवी उचलून दारावर तोरण म्हणून बांधली. मंडळी गाजली, अजून चालू आहे. शहराचं मात्र नशीब पाहा: १९९० च्या जनगणनेत लॉस एंजेलिस पुढे गेलं आणि शिकागो तिसरं झालं. पाटी दुसऱ्या नंबराची, गाव तिसऱ्या.

"आपल्यासारखंच की," काकाजी म्हणाले. "मुंबई, पुणे, मग आपण. तिसरे. पण म्हणवून घेतो उपराजधानी."

यावर आम्ही तिघंही जरा गप्प झालो. लांबून पोलिसांची शिट्टी ऐकू येत होती. मध्य प्रदेशाची राजधानी होतं नागपूर, १९५६ पर्यंत. मग राज्यं नव्यानं आखली गेली, राजधानीपण भोपाळला गेलं. १९५३ च्या नागपूर करारात ठरलं होतं म्हणून वर्षातून एक अधिवेशन इथं भरतं. थंडीत पाहुणे येतात, हुरडा-संत्री खातात, हुर्रर्र करून परत जातात.

"झिरो माईल तरी आपल्याकडे आहे," माई म्हणाल्या. "ते कोणी नेऊ नाही शकत."

तेवढ्यात काकाजींचं लक्ष माझ्या अंगणात गेलं. "वहिनी, तुमच्याकडे गोडनिंबाची रोपं किती झाली?"

मोजली. सात. झाड त्यांचं, पण मुळं कुंपणाखालून आमच्याकडे येऊन जागोजागी फुटलेली.

"ती आमची," माई.

"छे," काकाजी म्हणाले. "जनगणनेचा नियम आहे. राहतो कुठे ते पाहायचं. जिथं नेहमीचा मुक्काम, तिथं मोजणी. सातही वहिनींची." मग तेच पुढे म्हणाले, "२०२७ ला कोणी पोरगा-पोरगी येईल आपल्या दारात. घरात माणसं किती, विचारेल. आपण सांगू, दोन. वहिनीही सांगतील, दोन."

माईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. मलाही पुढचं काही सुचेना. एकीकडे मेलबर्न, एकीकडे सिडनी, आणि कुंपणाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन.

पण माई गप्प बसून राहणाऱ्यातल्या नाहीत. त्यांनी गोडनिंबाची एक डहाळी मोडून तारेवरून माझ्या परातीत टाकली आणि बोटांवर हिशेब मांडला. "पोरगा, सून, दोन नातू. मेलबर्नला आमचे चार. तुमची लेक, जावई, नात. सिडनीला तीन. एकानं आम्ही पुढे!"

मी मान डोलावली आणि सोले निवडत राहिले. मार्चमध्ये बरोबरी होणार आहे, हे अजून मी माईंना सांगितलेलं नाही.