आठ अधिक आठ अधिक बदलापूर

1886 साली शिकागोच्या कामगारांनी सरळ हिशेब मांडला. आठ तास काम, आठ तास झोप, आठ तास आपले स्वतःचे. हिशेब चोख होता, पण त्यांच्यातल्या कुणाला बदलापूरहून सीएसएमटी गाठायचं नव्हतं. अंतर 68 किलोमीटर. शेअर रिक्षाची रांग धरून जायचे-यायचे चार तास. साहेब आपल्या आठांतून पाच मिनिटं सोडत नाही आणि झोप आधीच लोकलच्या दांड्याला लटकून पुरी होते. तेव्हा हे चार तास तिसऱ्या आठांतून जातात. पोरांचा मुक्काम त्याच आठांत असतो.

म्हणून उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात एक मे हा थकबाकी वसुलीचा दिवस. महाराष्ट्र 1960 साली याच तारखेला झाला, त्यामुळे एकाच सुट्टीत दोन दिन उरकतात. त्यात तिसरा म्हणजे शाळेचा निकाल. सकाळी ध्वजवंदन, राज्यगीत, मग वर्गात प्रगतिपुस्तक. वडील मंडळी इस्त्रीचा शर्ट घालून हौसेने जातात आणि शाळेच्या दारात आईला हळूच विचारतात, ‘तुकडी कुठली गं आपली?’ निकाल मुलाचा आणि ‘श्रेणी सुधारणे आवश्यक’ बापाची.

पूर्वी असं नव्हतं. अंबरनाथला विम्कोचा काडेपेट्यांचा कारखाना होता, ऑर्डनन्स फॅक्टरी होती, शहाडला सेंच्युरी रेयॉन. काम गावातच होतं, पाळी सुटली की माणूस सायकलने घरी. आता विम्को बंद पडली, माणसं वाढली आणि त्या सगळ्यांचं काम गाडीच्या दुसऱ्या टोकाला गेलं.

बरं, वसुली करायची कुठे? निकाल हातात पडेपर्यंत दहा वाजतात. बदलापूरच्या उन्हाचा मेमधला आकडा चाळिशी सहज ओलांडतो. कोंडेश्वरच्या धबधब्याला पाणी पावसाळ्यात. तेव्हा जायला बंदी असते. मेमध्ये बंदी नाही, पाणीही नाही. मग उरतं अंबरनाथचं शिवमंदिर. शिलाहारांच्या काळातलं, 1060 सालचं, महाराष्ट्राने मिरवावं असं. चपला बाहेर काढल्या की अकराच्या उन्हात तापलेल्या दगडावर पोरं असा काही नाच धरतात की भिंतींवरच्या अप्सरांनी बघत राहावं. आजी मात्र शहाणी, पदर डोक्यावर घेऊन तरातरा गाभाऱ्याच्या पायऱ्या उतरते. गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे, आत गार वाटतं. या तिन्ही शहरांत वीजबिल न भरता मिळणारा गारवा बहुधा एवढाच. शेजारून वालधुनी वाहते. मुलगी विचारते, ‘बाबा, ही नदी आहे?’ बाबा नाक दाबून इतिहास सांगू लागतात.

तिथून पुढचा मुक्काम मॉल नाहीतर डी-मार्ट. शहरं वसवताना बागांच्या आरक्षणांवर काय काय उगवलं ते इथला रिक्षावाला पण सांगेल. त्यामुळे ‘फिरायला जाऊ या’ म्हणजे एसीत ट्रॉली ढकलायची, पोराला तिच्यात बसवायचं आणि परत येताना तुरडाळ घेऊन यायची.

आणि उल्हासनगर? 1949 साली निर्वासितांच्या छावणीचं शहर झालं आणि हातावर पोट असलेल्या त्या लोकांनी बाजार उभा केला. त्या बाजारामागे जीन्स शिवणारे कारागीर आहेत, पैसे नगावर. मशीन थांबलं की कमाई थांबली. राज्याच्या 2017 च्या दुकाने-आस्थापना कायद्यात एक मेची भरपगारी सुट्टी लिहिलेली आहे, पण तो कायदा आधी दहा किंवा अधिक माणसं असतील तिथे लागू होता. 2025 मध्ये मंत्रिमंडळाने ही अट विसावर न्यायचं ठरवलं. गाळ्यात आठ जण शिवत असतील तर कामगार दिन शेजारच्या गल्लीत.

मंत्रिमंडळाच्या त्याच बैठकीत कारखान्यांतली कामाची कमाल मर्यादा नवावरून बारा तासांवर न्यायलाही मंजुरी मिळाली. शिकागोच्या हिशेबात आता बारा, त्यात आमचे प्रवासाचे चार. झोपेला आठ धरा, चोवीस भरले. पोरांच्या वाट्याला शून्य. गणित पक्कं आहे, निकालाच्या दिवशी पडताळून बघा.

एक कामगार या हिशेबात कुठेच सापडत नाही, घरची आई. एक मेला सगळे घरी म्हणून तिने सकाळी पुऱ्या तळल्या, दुपारी आमरस काढला, संध्याकाळी ‘काहीतरी हलकंच कर’ या फर्माइशीवर पुन्हा भाजी चिरली. ‘आज सुट्टी ना तुझी?’ असं तिला घरातल्या धाकट्याने विचारलं. मोठ्यांपैकी कुणाच्या डोक्यात तो प्रश्न आला नाही. ते पंख्याखाली आडवे होते.

साहेबलोकांना एकच विनंती. यंदा ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कामगार दिनाच्या शुभेच्छा जरूर टाका, झेंड्याचं चित्रही टाका. फक्त त्याच्याखाली ‘उद्या सकाळी साडेनऊ शार्प’ लिहू नका. साडेनऊला पोचायचं तर बदलापूरच्या माणसाला पोर उठायच्या आत घर सोडावं लागतं.