ताबा

ओरँडा गोल्डफिशची जोडी आणली. डोक्यावर लालबुंद मांसल टोपी, पोट सुटलेलं, चाल डुलत. थेट आमच्या सोसायटीचे चेअरमन. दुकानदाराने काचेचा गोल बाऊलही गळ्यात मारला. नंतर कळलं, या दोघांना १०० लिटरच्या वरची टाकी हवी. शिवाय अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये वस्तीला येईपर्यंत ४ ते ६ आठवडे थांबायचं. म्हणजे मासे घरात, घराचा ताबा दीड महिन्याने! मुंबईच्या मानाने बिल्डर सज्जनच.

नळाला पाणी ४० मिनिटं. पहिलं पिंप माशांचं, क्लोरीन घालवून. मी दोन तांब्यांत आंघोळ उरकतो. गोल्डफिशला म्हणे जठरच नसतं. तरी काचेआडून चेअरमन तोंड उघडून उभे, वर्गणी मागितल्यासारखे.