एक बार, दोन बार…

छर्रेकाकांच्या घरात अठ्ठावीस बंदुका आहेत आणि आजवर त्या घरात मेलेला सर्वांत मोठा जीव म्हणजे न्हाणीघरातला एक कोळी. तोही काकूंनी चपलेनं मारला.

बंदुका म्हणजे एअरगन. जत्रेत फुगे फोडायला देतात ती, छर्‍यांची. पण काकांसमोर जत्रेचं नाव काढायचं नाही. जत्रेतल्या बंदुकीचा नेम मुद्दाम वाकडा केलेला असतो, लहानपणी आपला एकही फुगा फुटला नाही तो त्यामुळंच, अशी त्यांची साठ वर्षांची ठाम समजूत आहे. घरातल्या बंदुका खानदानी. प्रत्येकीला जन्मसाल आहे, कारखाना आहे, नंबर आहे. पाहुण्याला त्या दाखवताना काका सुना दाखवल्यासारखे दाखवतात: ही 1948 ची एअरस्पोर्टर, ही वेब्लीची सर्व्हिस मार्क टू, 1932 ची, हिला तीन वेगवेगळ्या मापांच्या नळ्या बसतात. पाहुणा विचारतो, "मग तिन्ही आहेत?" काका गप्प होतात. एकच आहे. बाकीच्या दोन जगात कुठंतरी आहेत आणि काकांचा एक डोळा कायम त्यांच्या वाटेवर आहे.

काका मूळचे निफाड तालुक्यातले. 1972 साली बर्मिंगहॅमला आले आणि एका कारखान्यात टूलरूमला लागले. बर्मिंगहॅम का, तर गावी मास्तरांकडं बर्मिंगहॅमची बीएसए सायकल होती. इथं आल्यावर कळलं की बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स; 1861 साली या गावच्या चौदा बंदूकवाल्यांनी एकत्र येऊन काढलेली कंपनी. आधी बंदुका, सायकली मागून. मास्तर रोज बंदुकीच्या कारखान्यावर बसून शाळेत येत होते, याचा काकांना आजही आनंद होतो. पुढं याच कारखान्यानं लिंकन जेफ्रीज नावाच्या बर्मिंगहॅमच्याच माणसाचं 1904 चं पेटंट घेऊन नळीखालच्या दांड्यानं भरायची एअर रायफल काढली. हे सगळं काका इतक्या जिव्हाळ्यानं सांगतात की जेफ्रीज हे देशस्थांतलं एखादं आडनाव असावं असं वाटायला लागतं.

माझा या घराशी संबंध इंटरनेटपुरता. "शनिवारी सकाळी जरा येऊन जा, लाइन धड चालत नाही," असा फोन आला की समजायचं, लिलाव आहे.

दहाला लिलाव असला की काका साडेनऊला इस्त्रीचा सदरा घालून संगणकासमोर बसतात. पडद्यावर एका कोपर्‍यात लिलाव पुकारणारा दिसतो, मध्ये बंदुकीचा फोटो, खाली बोलीचं बटण. आपली बोली सर्वांत वर असली की हिरवं, कुणी वर चढलं की लाल. कॅमेरा एकतर्फी आहे, काकांना तिकडं कुणीही बघत नाही, हे मी एकदा सांगून पाहिलं. "तो माणूस टाय लावून उभा राहिलाय," काका म्हणाले, "आणि मी बनियनवर बसू?"

शेजारी कॅटलॉगची छापील पानं. त्या पानांची भाषा वधूवर सूचक मंडळात शिकल्यासारखी. 'वयाला साजेशी झीज' म्हणजे दस्त्याला चीर आहे. 'जुनी डागडुजी' म्हणजे कुणीतरी सुतारानं खिळा मारलाय. 'आहे त्या स्थितीत' असं लिहिलं की काका मान हलवतात: मुलीचं आधी एकदा मोडलंय. आणि नळीचा मूळचा निळसर काळा मुलामा खरवडून कुणी नवा चढवला असेल तर ते स्थळ काका बघायलासुद्धा जात नाहीत. म्हातारीनं केस रंगवले तर चालतं, बंदुकीनं नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. हाच माणूस बुल रिंगच्या मंडईत कोथिंबिरीच्या जुडीवर वीस पेन्स कमी करून घेण्यासाठी पाऊण तास पावसात उभा राहतो. घासाघीस रक्तात आहे. पण लिलावात घासाघीस उलटी चालते. किंमत खाली ओढायची नसते, वर ढकलायची असते. असल्या ठिकाणी काकांसारखा माणूस सुरक्षित राहील, दोन बोल्या लावून सदरा काढून ठेवील, असं मला वाटायचं. तर काका सर्वांत पुढं. आणि नवल म्हणजे जी बंदूक हवी असते तिच्यावर ते बेतानं बोलतात, नको असते तिच्यावर भडकतात. एकदा वेब्लीचं जुनं पिस्तूल आलं. तशी दोन काकांकडं आधीच होती. बोली ऐंशीवर थांबली. काकांनी नव्वद दाबलं. समोरून शंभर आले, काकांनी एकशे दहा केले. मी म्हटलं, "काका, हे आपल्याकडं आहे."

"आहे ना. म्हणून तर माहितीये ऐंशीला जायची वस्तू नाही ही."

"मग तुम्हाला काय करायचंय? ज्याची जाईल त्याची जाईल."

काका माझ्याकडं वळले. तेवढ्यात दुसर्‍या कुणी एकशे वीस दाबलं असतं तर बरं झालं असतं. नाही दाबलं. हातोडी पडली. अशा रीतीनं घरात तिसरं पिस्तूल आलं आणि मला लासलगावची गोष्ट कळली.

काका दहा वर्षांचे असताना वडिलांबरोबर बैलगाडीतून कांदा घेऊन लासलगावच्या बाजार समितीत गेले. गाड्यांची रांग. व्यापारी चालत आले, एकानं दोन कांदे उचलून दाबून बघितले आणि भाव पुकारला. दुसर्‍यानं थोडा वाढवला. तिसरा नुसता उभा होता. वडील त्या तिसर्‍याकडं बघत होते. तो काही बोलला नाही. एक बार, दोन बार, तीन बार, आणि घोळका पुढच्या गाडीकडं. सहा महिन्यांचं पीक इतक्यात गेलं. परतीच्या वाटेवर वडील एवढंच म्हणाले, "तो तिसरा जरा बोलला असता तर…"

काका म्हणजे तो तिसरा माणूस. साठ वर्षं उशिरा, चुकीच्या देशात, कांद्याऐवजी बंदुकीवर, पण बोलायला आलेला. कुठल्याशा म्हातार्‍याच्या माळ्यावरची बंदूक त्याच्या लेकीनं विकायला काढलेली असते आणि पडद्यावर ती पडत्या भावात जाताना दिसली की काकांचं बोट आपोआप खाली जातं. अठ्ठावीसपैकी हौसेनं घेतलेल्या नऊ-दहा असतील. बाकीच्या दयेनं आल्यात.

दया स्वस्त नसते. हातोडी दोनशे पौंडांवर पडली असं धरा. त्यावर लिलावगृहाची पंचवीस टक्के दलाली, म्हणजे पन्नास. त्या पन्नासावर वीस टक्के कर, दहा. इंटरनेटवरून बोली लावली म्हणून वर पाच टक्के, दहा. त्यावर पुन्हा कर, दोन. झाले दोनशे बहात्तर. आणि विकणार्‍याच्या हातात दोनशेसुद्धा पडत नाहीत, त्याच्याकडूनही कापतात. हे कळलं तेव्हा काका दोन दिवस अस्वस्थ होते. "अडत्या तो अडत्याच," ते म्हणाले. "आमच्याकडं हमाली, तोलाई तरी म्हणायचे. इथं इंग्रजीत कापतात."

मग येतो कायदा. ठरावीक ताकदीपर्यंतची, म्हणजे रायफल बारा फूट-पौंडांच्या आत आणि पिस्तूल सहाच्या आत असेल तर इंग्लंडात परवाना लागत नाही. स्कॉटलंडमध्ये 2016 च्या अखेरीपासून लागतो, म्हणून काका स्कॉटलंडवर नाराज आहेत. पण परवाना नसला तरी धंदेवाईक विक्रेत्यानं एअरगन गिर्‍हाइकाच्या हातात समोरासमोरच द्यायची, पोस्टानं घरी पाठवायची नाही, असा इथला नियम. म्हणजे बोली लावायची बर्मिंगहॅमला चहा पीत आणि वस्तू आणायला जायचं डेव्हनला. परवानाधारक दुकानदारामार्फत जवळ मागवता येते, पण त्याची फी वेगळी; ती देणं काकांना उधळपट्टी वाटतं. त्यापेक्षा ते जाऊन-येऊन आठ तासांचं पेट्रोल जाळतात. गाडी मी चालवतो. मागं काकू धपाट्यांचा डबा मांडीवर घेऊन बसतात आणि प्रत्येक सर्व्हिस स्टेशनवर एकच वाक्य म्हणतात: "यांनी कांदा विकला असता तर बरं झालं असतं."

काकूंचं माहेर चांदवडचं. तिथंही कांदाच.

गेल्या हिवाळ्यात छपराला गळती लागली आणि दुरुस्तीचा आकडा ऐकून काकूंनी फर्मान काढलं: बघायचं, बोलायचं नाही. काकांनी मान्य केलं. पुढच्या लिलावाला ते दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. सदरा मात्र इस्त्रीचाच. सकाळभर एकेक लॉट गेला. एक बीएसए साठ पौंडांना गेली तेव्हा काकांच्या तोंडून कण्हल्यासारखा आवाज आला, पण हात निघाले नाहीत. काकू दारात स्टुलावर बसून मेथी निवडत होत्या. पहारा.

मग तो डबा आला. बिस्किटांचा पत्र्याचा जुना डबा, आत एका मोडक्या पिस्तुलाचे भाग, स्प्रिंग नाही, घोडा नाही, चार वॉशर आणि छर्‍यांची अर्धी डबी. पुकारणार्‍यानं तीस मागितले. कुणी नाही. वीस. कुणी नाही. पंधरा. त्यानं डबा जरा हलवला, आतलं खडखडलं. दहा तरी? तो खोलीभर बघून आला, मग कॅमेर्‍याकडं बघून थांबला.

काकूंचे हात थांबले.

"म्हणजे दहालासुद्धा कुणी घेईना?"

काका काही बोलले नाहीत. मांडीखालचे हात तसेच. पुकारणारा पुढचं पान उलटायला लागला.

"अहो, जपून ठेवलं असेल हो कुणीतरी," काकू म्हणाल्या आणि उठल्या. "कुठलं दाबायचं ते?"

मेथीच्या हिरव्या बोटानं त्यांनी बटण दाबलं. पडदा हिरवा झाला. आणि लगेच, कुठल्या गावाहून कोण जाणे, बारा पौंड आले. लाल.

काकूंनी पदराला हात पुसला आणि खुर्ची ओढली.