पडेल उमेदवारांची चांदी

न्यू जर्सीतल्या आमच्या घरात, जेवणाच्या टेबलामागच्या कपाटाच्या तिसऱ्या खणात, हिलरी क्लिंटन आणि डोनाल्ड ट्रम्प 2016 पासून एकमेकांना खेटून नांदतायत. दोघंही शुद्ध चांदीचे, दोघांचंही वजन 31.1 ग्रॅम. त्या निकालानं जगात जो काही फरक पडायचा तो पडला असेल, या दोघांच्या वजनात गुंजभरही पडलेला नाही.

या वस्तूला इथे 'राउंड' म्हणतात. 'कॉइन' म्हणायचं नाही. मी एका नाण्यांच्या प्रदर्शनात तसं म्हणालो, तेव्हा पुरणपोळीला 'गोड चपाती' म्हटल्यावर आईचा जसा चेहरा होतो तसा विक्रेत्याचा झाला. कॉइन सरकारी टांकसाळीतून निघतं आणि त्यावर किंमत लिहिलेली असते. राउंड खासगी टांकसाळीत पडतो, त्यावर फक्त वजन आणि कस लिहिलेला असतो. एक ट्रॉय औंस, म्हणजे आपल्या हिशेबानं पावणेतीन तोळ्यांना जरा कमी, आणि कस 999. दर्शनी चेहरा आहे, दर्शनी किंमत नाही. उमेदवाराला याहून योग्य धातुकाम दुसरं सुचत नाही.

माझा हा नाद मतदानाचा हक्क नसल्यामुळे सुरू झाला. ग्रीन कार्ड होतं, कर भरत होतो, पानगळीत शेजाऱ्याच्या अंगणातलीही पानं लोटत होतो, पण मत नव्हतं. 2016 साली सगळी गल्ली अंगणात पाट्या रोवून बसली आणि मी हात हलवत मधून फिरत राहिलो. मग एके रात्री मी दोन्ही उमेदवार विकत घेतले. बायको म्हणाली, "दोन्ही कशाला? एकाचं नक्की कर." मी म्हणालो, मतदारानं नक्की करायचं असतं, मी गिऱ्हाईक आहे.

चांदीच्या बाजारभावाला 'स्पॉट' म्हणतात आणि वर जे मोजावं लागतं तो 'प्रीमियम'. सराफाकडे वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. ती घडणावळ. साध्या राउंडला घडणावळ दोनचार डॉलर, चेहरा आला की वाढते, आणि चेहरा जितका तापलेला तितकी जास्त. 2024 च्या सप्टेंबरात ट्रम्प यांनी स्वतःच आपलं एक औंसाचं चांदीचं पदक 100 डॉलरला जाहीर केलं. त्या वेळी बाजारात औंसभर चांदी 30 डॉलरच्या आसपास होती. सत्तर डॉलर घडणावळ! आमच्या सांगलीच्या सराफानं हे वाचलं असतं तर दुकान बंद करून राजकारणात उतरला असता.

त्या वर्षी आई आमच्याकडे आली होती. तिनं खण उघडला, डब्या ओट्यावर मांडल्या आणि विचारलं, "ही लक्ष्मी आहे का?"

"नाही, ही हिलरी."

"निवडून आली?"

"नाही. पडली."

"मग हिचं नाणं कसं पाडलं?"

मला उत्तर सुचेना. आमच्या मातीत क्रम ठरलेला. 1674 साली रायगडावर आधी राज्याभिषेक, मग होन आणि शिवराई. इथे आधी नाणं, मग राज्याभिषेक, तोही झाला तर. टांकसाळवाले निवडणुकीच्या आधीच दोन्ही बाजूंचे ठसे तयार ठेवतात आणि निकाल लागला की पडलेल्याची किंमत स्पॉटपर्यंत घसरते. मी त्याच वेळी खरेदी करतो. 'पडेल उमेदवार' हा शब्द माझ्या बायकोच्या माहेरी कोल्हापुरात शिवीसारखा वापरतात. आमच्या घरात तो सवलतीचा दर आहे.

आईला चांदी कळते. लहानपणी तिच्या आजीच्या गाठोड्यात राणीछाप रुपये होते, प्रत्येकी बरोबर एक तोळ्याचे. माझ्या परीक्षेच्या पद्धती शास्त्रीय. मी राउंड तिरका धरतो आणि त्यावरून लोहचुंबक सोडतो. चांदी चुंबकाला चिकटत नाही, पण तो तिच्यावरून सुळकन घसरतही नाही, जावई सासुरवाडीहून निघतो तसा रेंगाळत उतरतो. मग डिजिटल काटा. मग कॅलिपरनं व्यास, साधारण 39 मिलिमीटर. आईनं हे सगळं चहा संपेपर्यंत बघितलं. मग तिनं एकेक राउंड बोटाच्या पेरावर तोलून अंगठ्याच्या नखानं टिचकी मारली. टिंग... टिंग... टिंग... आणि चौथ्याला 'टक'.

"हा बद्द वाजतोय," आई म्हणाली.

हा तोच, जो मी फार स्वस्तात मिळाला म्हणून आठवडाभर मिरवला होता. मिळाला त्या आनंदात त्याची परीक्षाच केली नव्हती. आता काट्यावर ठेवला तर चार ग्रॅम कमी. तांब्यावर चांदीचं पाणी. तो कुठल्या उमेदवाराचा होता हे सांगणार नाही. दोन्ही पक्षांची माणसं आमच्या गणपतीला जेवायला येतात.

बद्द नाण्यांचा विषय निघाला की मला विल्यम जेनिंग्ज ब्रायन आठवतो. या छंदातला माझा सर्वांत लाडका पडेल. 1896 साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, तो डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार झाला, आणि झाला तोच चांदीमुळे. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांच्या वतीनं त्याची मागणी होती की सरकारनं सोळा भार चांदी बरोबर एक भार सोनं, या दरानं हवी तेवढी चांदी नाण्यात पाडून द्यावी. म्हणजे पैसा सैल होईल आणि कर्ज फिटेल. बाजारात मात्र एका भार सोन्याला तीस भारांच्या वर चांदी मिळत होती. चांदीच्या डॉलरमध्ये जेमतेम अर्ध्या डॉलरची चांदी उरली होती.

विरोधकांनी यावर भाषणं केलीच, शिवाय नाणी काढली. गॉरहॅम या चांदीच्या भांड्यांच्या कंपनीनं 823 ग्रेनचा एक जंगी तुकडा पाडला, साडेचार तोळ्यांचा, आणि त्यावर शांतपणे लिहिलं की सरकारी डॉलरमध्ये 412.5 ग्रेन आहेत, खऱ्या एका सोन्याच्या डॉलरची चांदी एवढी होते. टिफनीनंही असे तुकडे काढले. ज्यांना चांदी परवडत नव्हती त्यांनी शिशाचे, लोखंडाचे, थाळीएवढे 'डॉलर' ओतले आणि त्यांवर लिहिलं की उरलेल्या सेंटांसाठी देवावर भरवसा ठेवा. संग्राहक या सगळ्याला 'ब्रायन मनी' म्हणतात. जो माणूस चांदीची बाजू लढला त्याची थट्टा करायला लोकांनी चांदीच वापरली. ब्रायन 1896 ला पडला, 1900 ला पडला, मध्ये एक निवडणूक विसावा घेऊन 1908 ला पुन्हा पडला. अशी सचोटी हल्ली दिसत नाही.

चांदीत उमेदवार ओतणं धोक्याचंही असतं. 2007 साली रॉन पॉल रिपब्लिकन उमेदवारीसाठी उभे असताना बर्नार्ड फॉन नॉटहाऊस नावाच्या गृहस्थांनी त्यांचा चेहरा आपल्या 'लिबर्टी डॉलर'वर घातला. सोन्यात, चांदीत आणि तांब्यात. रॉन पॉल यांच्या प्रचाराचा त्याच्याशी संबंध नव्हता. चेहऱ्यानं कुणाचं काही बिघडलं नाही. अडचण झाली ती 'डॉलर' या शब्दानं, त्या चिन्हानं आणि सरकारी नाण्याशी असलेल्या साम्यानं. त्या नोव्हेंबरात एफबीआयनं इंडियाना राज्यातल्या इव्हान्सव्हिलच्या कचेरीवर छापा घातला आणि माल उचलून नेला. चांदी नेली, तांब्याचे रॉन पॉलही नेले. उमेदवार मोकळा फिरत होता आणि त्याचे चेहरे पोत्यांतून जप्तीत चालले होते. नॉटहाऊस 2011 मध्ये दोषी ठरले, 2014 अखेरीस सहा महिने घरकैद आणि तीन वर्षं प्रोबेशन, एवढ्यावर निभावलं. तेव्हापासून मीही घरात 'कॉइन' म्हणत नाही. भिंतीला कान असतात.

सरकारी पैशावर जिवंत माणूस नको, या इथल्या हट्टामागेही एक चेहरा आहे. पाच सेंटांची कागदी नोट काढायची होती तेव्हा खजिन्याच्या चलनछपाई विभागाचा प्रमुख स्पेन्सर क्लार्क यानं तिच्यावर खुद्द स्वतःची दाढी छापून घेतली. संसद खवळली आणि 1866 मध्ये जिवंत माणसाचं चित्र नोटांवर छापायला बंदी झाली. बिचाऱ्याला कुणीतरी सांगायला हवं होतं की खासगीत पाड, औंसाच्या वजनानं, आणि घडणावळ लाव.

गेल्या वर्षी छताची दुरुस्ती निघाली. बायकोनं खणाकडे नुसतं बघितलं. मी निमूट सगळे उमेदवार मोज्यात भरले आणि ओक ट्री रोडवरच्या एका सराफाकडे गेलो. त्यानं डब्या पटापट उघडल्या, चेहऱ्यांकडे न बघता सगळा ढीग एकदम तराजूत टाकला. निवडून आलेले, पडलेले, मधूनच माघार घेतलेले, सगळे एकमेकांवर आपटून खणखणले. "भाई, मेल्ट का भाव देगा," तो म्हणाला. म्हणजे वितळवायच्या भावानं. मी म्हणालो, "यातला हा दुर्मीळ आहे, पक्षाच्या प्राथमिक फेरीतच पडलाय."

"भट्टी में सब एक ही फेरी में जाते हैं," तो म्हणाला.

तो खोटं बोलत नव्हता. 1980 च्या जानेवारीत, टेक्सासच्या हंट बंधूंच्या साठेबाजीत चांदी औंसाला 50 डॉलरच्या जवळ पोचली, तेव्हा सत्तरच्या दशकातली खासगी पदकं आणि पट्ट्या लोकांनी पोत्यानं भट्टीत घातल्या. वॉटरगेटवरून निक्सनची टर उडवणाऱ्या पट्ट्याही त्याच काळातल्या. त्यातल्या किती वितळून कुणाच्या चमच्यात गेल्या असतील!

मी मोजा बांधला आणि परत आलो. छताला कर्ज काढलं. सोळास एकनं मिळालं नाही.

2024 पर्यंत मी इथला नागरिक झालो होतो. पहिल्यांदाच मत दिलं, कुणाला ते विचारू नका. राउंड मात्र ट्रम्प आणि कमला हॅरिस दोघांचे आहेत, आईच्या नखाखालून गेलेले, दोघंही टिंग.

ब्रायन माझ्याकडे शिशाचा आहे. गॉरहॅमचा चांदीचा अजून परवडलेला नाही. इथल्या कुणा वाचकाला जुन्या बाजारात 1896 सालचा साडेचार तोळ्यांचा गोल तुकडा दिसला, तर भट्टीवाल्याच्या आधी मला कळवा. घडणावळ देईन, फक्त बायकोला सांगू नका.