तीस दिवस जगा, मग बोलू

झाशी जिल्ह्यातल्या समथरच्या किल्ल्यातल्या राजांना विम्याची गरज नव्हती, खजिना होता. आता तिथल्या माणसाला मोठं दुखणं आलं की तो झाशीच्या महाराणी लक्ष्मीबाई मेडिकल कॉलेजची वाट धरतो आणि घरचे कपाटात पॉलिसी शोधू लागतात. गंभीर आजाराचा रायडर, म्हणजे मूळ पॉलिसीला जोडलेलं जादा कवच, घेतला असेल तर निदान झालं की पैसे मिळतात म्हणे. पण नुसतं आजारी पडून भागत नाही. बऱ्याच रायडरांत पहिले 90 दिवस आजारी पडायला जवळजवळ मनाईच, आणि निदानानंतर अनेकदा 30 दिवस जिवंत राहण्याची अट. 29व्या दिवशी गेलात तर रायडर बुडाला. मूळ विम्याची रक्कम नॉमिनीला मिळेल, ती मोजायला तुम्ही नसाल एवढंच! कर्करोगही ‘ठरावीक तीव्रतेचा’ लागतो. अगदी सुरुवातीलाच सापडला तर डॉक्टर खूश, कंपनी त्याहून खूश. रायडर नसेल तर आपल्याच पॉलिसीवर कर्ज काढायचं आणि खाटेवर पडल्या पडल्या व्याज भरायचं. अटींचं पान धडधाकट असतानाच वाचून घ्या. सलाईन लावलेल्या हातात ते धरवत नाही.