पुडीचा रतीब

नाशिकरोडच्या जुन्या इमारतींत सकाळी दाराच्या कडीला दोन पिशव्या लटकलेल्या असतात. एकीत माणसांचं दूध, दुसरीत देवाची फुलपुडी. दूधवाल्याची चाहूल जिन्यात चार मजले लागते. पुडीवाल्याची लागत नाही. तो येतो कधी, जातो कधी, कुणाला पत्ता नसतो. पुष्कळ घरांना त्याचं तोंड दिसतं ते महिन्याच्या एक तारखेला, पैसे घ्यायला येतो तेव्हा.

पुडी सोडली की आत तुळशीची मंजिरी, दूर्वांची जुडी, दोन-तीन झेंडू, एखादी शेवंती आणि प्रवासात चुरगळलेली जास्वंद. सोमवारी बेल. गणपती बसले की पुडी हलकी होते आणि बिल जड. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंनी एका चतुर्थीला पुडीवाल्याला जिन्यातच गाठलं.

"अरे, दूर्वा एकवीस नव्हत्या."

"काकू, देव काय मोजत बसतो का?"

"देव नाही मोजत. मी मोजते."

मात्र फूल टवटवीत नव्हतं, अशी तक्रार काकूंनी कधी केली नाही. पुडीतलं फूल पूजेपुरतं ताजं असलं की झालं. दुसऱ्या दिवशी ते निर्माल्य. बेल आणि तुळस शिळी होत नाही, एवढी सवलत जुन्या लोकांनी देऊन ठेवली आहे. बाकीच्यांनी रोज नवं यायचं.

फुलं टिकवायची पंचाईत सुरू होते ती घरात गुच्छ आला की. आणि नाशिकरोडला गुच्छ फार येतात. इथे छापखाने आहेत, रेल्वे आहे, त्यामुळे निवृत्त होणाऱ्यांना तोटा नाही. निवृत्ती म्हटली की शाल, श्रीफळ आणि चकचकीत कागदातला गुच्छ. शाल कपाटात जाते, श्रीफळ चटणीत जातं, गुच्छाचं काय करायचं ते कुणालाच ठाऊक नसतं. 1928 पासून इथे नोटा छापल्या जातात. फाटकी नोट बँकेत बदलून मिळते. मान टाकलेला गुलाब कुठलीच खिडकी बदलून देत नाही.

तसा गुलाब आपल्याला परका नाही. मुघलांनी या शहराचं नाव गुलशनाबाद ठेवलं होतं, आणि आजही दिंडोरी तालुक्यात जानोरी-मोहाडीकडे पॉलिहाउसमध्ये गुलाब पिकतो. तिथे कळी झाडावर असतानाच तिला जाळीची टोपी घालतात. तोडली की दांडे पाण्यात, मग थंडाव्यात, मग वीस-वीसच्या जुड्या बांधून गाडीत. एवढ्या लाडात वाढलेलं फूल आपल्याकडे येतं आणि आपण ते टीव्हीवर ठेवतो. टीव्ही भिंतीला चिकटल्यापासून फ्रिजवर ठेवतो.

गुलाब मान टाकतो तो बहुतेकदा तहानेने, भांड्यात पाणी असतानासुद्धा. दांडा कापल्यावर त्याच्या बारीक नळ्यांत हवा शिरते, नाहीतर पाण्यातले जंतू त्यांची तोंडं बुजवतात. पाणी मग वर चढतच नाही. म्हणून दांडा पाण्यात बुडवून, धारदार सुरीने, तिरका कापायचा. पाण्यात बुडणारी पानं काढून टाकायची, कारण ती कुजतात. पाणी रोज बदलायचं. जरबेऱ्याला मात्र बोटभरच पाणी द्यायचं. त्याचा लवदार देठ खोल पाण्यात सडतो. पाण्यात थोडी साखर फुलाच्या पोटाला, चार थेंब लिंबू जंतूंना आवर घालायला. एवढं झाल्यावर चिमूटभर मीठ टाकून आपणच पिऊन टाकावं असं वाटतं.

शेवटचं पथ्य शेजाऱ्याचं. पिकत्या केळ्यांतून इथिलीन नावाचा वायू सुटतो, आणि त्याने फुलं लवकर म्हातारी होतात. द्राक्षं तोडल्यावर पिकत नाहीत, त्यांच्यातून तो नगण्यच सुटतो. म्हणजे फुलदाणीशेजारी द्राक्षांचा घड खुशाल ठेवावा, केळ्यांचा ठेवू नये. नाशिककरांना यात अभिमानाची जागा सापडते. जळगावकरांपुढे हा विषय काढू नये.

हे सगळं निगुतीने केलं की गुलाब चार दिवस जास्त काढतो. पण त्या चार दिवसांत आपण त्याच्याकडे पाहतो ते नाडी बघायला आल्यासारखं. हा उतरला का, तो काळवंडला का, पाणी कुणी बदललं? पुडीतल्या झेंडूची अशी काळजी कुणी करत नाही, म्हणून त्याच्याकडे नुसतं पाहता येतं. ताजेपणा जपून ठेवण्यापेक्षा त्याचा रतीब लावलेला बरा, हे आपल्या देवघरांना कधीच कळलं होतं. दिवाणखान्यांना अजून कळायचं आहे.

म्हणून परवा एका निवृत्त होणाऱ्या स्नेह्यासाठी मी सुचवलं, की यंदा गुच्छ नको, त्यांना वर्षभराची पुडी लावून देऊ. रोज सकाळी कडीला आपली आठवण! कल्पना सर्वांना फार आवडली. वर्गणीची वही पुढे येईपर्यंत आवडली. मग कुणीतरी हिशेब मांडला, कुणीतरी घसा खाकरला, आणि शेवटी ठरलं ते असं, की गुच्छच द्यायचा, पण मोठा.